डफ आणि टॉप, दोन्हींचं मूळ एकच: गोल्फमधल्या ग्रीनजवळच्या वेज शॉटबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोल्फचा हँडिकॅप 22 (म्हणजे साधारण हौशी पातळी), वय पन्नाशीच्या आसपास, खेळणं पुण्यात. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, जवळपास तुम्ही बऱ्यापैकी नीट पोचता. पण शेवटच्या तीस यार्डांत 58 डिग्रीचा वेज (बॉल उंच उडवायचा, तिरप्या तोंडाचा क्लब) हातात घेतला की एकदा क्लब बॉलच्या मागे जमिनीत रुततो आणि बॉल दोन पावलं सरकून थांबतो, हा डफ. पुढच्या वेळी बॉलच्या पोटात ब्लेड बसतं आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो, हा टॉप. सरावाच्या रेंजवर, मॅटवर मात्र हाच शॉट दहापैकी आठ वेळा छान बसतो. म्हणून तुम्ही विचारलंय की मनगटं वापरायची की घट्ट धरायची, आणि 60 डिग्रीचा वेज घेतला तर फरक पडेल का.

तुमचा स्विंग मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या मर्यादेत वाचा. तरी तुमच्या वर्णनात एक गोष्ट फार बोलकी आहे, ती म्हणजे मॅट. मॅटखाली रबर असतं. क्लब बॉलच्या दोन-तीन इंच मागे टेकला तरी तो रुतत नाही, घसरत पुढे जातो आणि बॉलपर्यंत पोचतो. आवाजही चांगला येतो, बॉलही उडतो. तोच स्विंग गवतावर केला की डफ. त्यामुळे 'रेंजवर जमतं, कोर्सवर बिघडतं' असं मला वाटत नाही. बिघाड दोन्हीकडे तोच आहे, मॅट तो झाकते एवढंच.

आता डफ आणि टॉप. हे दोन वेगळे आजार आहेत असं समजून लोक दोन वेगळे उपाय करत बसतात. स्विंगच्या कमानीला एक सर्वांत खालचा बिंदू असतो. तो बॉलच्या मागे पडला तर क्लब आधी जमिनीला लागतो, झाला डफ. दोन डफ झाले की पुढच्या वेळी शरीर सावध होतं: गुडघे किंचित सरळ होतात, कोपरं आत ओढली जातात, क्लब जमिनीला चुकवून जातो. पण खालचा बिंदू अजून मागेच आहे. म्हणजे बॉलपाशी येईपर्यंत क्लब वर निघालेला असतो आणि त्याची पुढची धार बॉलच्या मध्यावर बसते. झाला टॉप. सोबतचा खेळाडू लगेच म्हणतो, "डोकं वर केलंस." डोकं वर गेलं हे खरं असेल, पण बहुतेक वेळा ते जमिनीला चुकवण्याच्या धडपडीत गेलेलं असतं. नुसतं डोकं खाली दाबून ठेवलंत तर पुढचा शॉट पुन्हा डफ होईल, कारण मूळ तसंच राहिलं.

खालचा बिंदू मागे का राहतो? माझ्याकडे येणाऱ्या हौशी खेळाडूंमध्ये सर्वांत जास्त दिसणारं कारण म्हणजे बॉल उचलायची इच्छा. समोर बंकर किंवा उंचवटा असला की वजन उजव्या पायावर राहतं आणि उजवं मनगट बॉलखाली पळी घातल्यासारखं वळतं. (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरतोय, डावखुरे असाल तर सगळं उलटं करून वाचा.) उचलायचं काम 58 डिग्रीच्या लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या तिरपेपणाचं आहे. तुम्ही क्लबला बॉलनंतर जमिनीला हलकेच घासू दिलंत की बॉल आपोआप वर जातो.

बॉलखाली असा झारा घालताना कधी कधी क्लब एकाच स्ट्रोकमध्ये बॉलला दोनदा लागतो. 2019 पासून त्याला पेनल्टी नाही. त्याआधी एक स्ट्रोकचा दंड होता, आणि 1985 च्या यूएस ओपनमध्ये तैवानच्या टी. सी. चेन यांना तो फार महागात पडला. शेवटच्या फेरीत चार स्ट्रोकची आघाडी असताना पाचव्या होलवर ग्रीनजवळच्या दाट रफमधून (लांब गवतातून) मारताना क्लब बॉलला दोनदा लागला, त्या होलवर आठ स्ट्रोक झाले, आणि स्पर्धा ते एका स्ट्रोकने हरले. तुमच्या बाबतीत असं होत असेल तर दंडाची काळजी नको, पण झारा घातला जातोय याचा तो पुरावा समजा.

पहिली तपासणी बॉल न ठेवता करा. तुमच्या गोल्फ क्लबच्या सराव बंकरमध्ये वाळूवर एक सरळ रेघ ओढा, रेघ दोन पायांच्या मधोमध घ्या आणि चिपइतका (ग्रीनजवळच्या छोट्या, बुटक्या शॉटइतका) छोटा स्विंग करत रेघेवरून पुढे सरकत जा. वाळू कुठे उडते ते पाहा. रेघेवर किंवा रेघेच्या दोन बोटं पुढे उडत असेल तर ठीक. मागे उडत असेल, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी, तर दुखणं सापडलं. बंकर नसेल तर गवतावर खडूची पूड टाकून रेघ काढा. सोसायटीच्या लॉनवर हे करू नका, सेक्रेटरींशी वाद होईल. मॅटशिवाय पर्यायच नसेल तर बॉलच्या मागे चार बोटं अंतरावर नॅपकिन पसरा. क्लब नॅपकिनला लागला की तो शॉट कितीही छान उडाला तरी गवतावरचा डफ धरायचा.

उभं राहण्याबद्दल. पाय जवळ, दोन टाचांमध्ये जेमतेम वीतभर. वजन सुरुवातीपासून डाव्या पायावर थोडं जास्त, साधारण 60 टक्के, आणि स्विंग संपेपर्यंत ते तिथेच. छातीच्या मधलं हाड बॉलच्या वर किंवा किंचित पुढे. कमानीचा खालचा बिंदू साधारणपणे या हाडाच्या खाली पडतो, म्हणून मी हातांपेक्षा छातीकडे जास्त बघतो. बॉल मध्यावर. शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, अगदी थोडा पुढे झुकलेला.

'अगदी थोडा' हे मुद्दाम म्हणतोय. तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल: बॉल मागच्या पायाशी, हात पुढे, आणि खाली मार. कोर्सवर जो तो ज्याला त्याला हा सल्ला देतो. यात काय होतं ते समजण्यासाठी तुमच्या वेजवर कोरलेले आकडे बघा. 58.08 किंवा 58-10 असं काही असेल. पहिला आकडा लॉफ्टचा, दुसरा बाउन्सचा. क्लबचा तळ पुढच्या धारेपेक्षा किती खाली उतरलेला आहे, तो कोन म्हणजे बाउन्स. हाच तळ गवतावरून आणि मातीवरून घसरतो, आणि घसरतो म्हणूनच थोडी चूक माफ होते. आता 8 डिग्री बाउन्सचा वेज घेऊन तुम्ही शाफ्ट 8 डिग्री पुढे झुकवलात तर बाउन्स शून्यावर येतो. अजून झुकवलात तर पुढची धारच सर्वांत खाली जाते आणि क्लब कुदळ होतो. आता इंचभर मागे टेकला तरी तो रुतणार. शिवाय 58 चा लॉफ्ट 50 वर आलेला असतो, बॉल खाली निघतो, जास्त पळतो, म्हणून पुढच्या वेळी तुम्ही तो उचलायला जाता. आणि पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून बहुतेक हौशी खेळाडूंना मी हात जवळजवळ बॉलच्या वरच ठेवायला लावतो आणि तळाने गवत झाडायला सांगतो. घासल्याचा मऊ आवाज आला पाहिजे, 'थप्प' नको.

याची दुसरी बाजूही आहे. नॉर्वेचा व्हिक्टर होवलंड अव्वल खेळाडूंमध्ये गणला जायचा, पण चिपिंग हा आपला कच्चा दुवा आहे हे तो स्वतः उघडपणे सांगत असे. जो मेयो या प्रशिक्षकाबरोबर काम करताना त्याने क्लब जास्त तीव्र कोनातून खाली आणायला सुरुवात केली, म्हणजे मी वर सांगितलं त्याच्या बऱ्याच अंशी उलट दिशेने. 2023 मध्ये त्याने फेडएक्स कप, म्हणजे अमेरिकेतल्या पीजीए टूरचं मोसमी विजेतेपद, जिंकला. त्याला ते लागू पडलं, कारण त्याचा क्लब फार सपाट येत होता आणि त्याच्याकडे रोज तासन्‌तास सराव करायला वेळ होता. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माणसाला मी चूक माफ करणारी पद्धत देईन. तुमच्या वाळूच्या रेघेवर खालचा बिंदू दर वेळी अचूक पडतोय आणि तरीही बॉल नीट लागत नाही असं निघालं, तर मात्र माझं निदान चुकलं असं समजा आणि कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि माझ्या मते तुमचे सर्वांत जास्त स्ट्रोक इथे वाचतील. प्रत्येक ठिकाणाहून 58 कशाला? टीव्हीवर दिसतो म्हणून हा क्लब सगळ्यांना हवा असतो. पण ज्या क्लबला जास्त लॉफ्ट, त्याला तेवढ्याच अंतरासाठी मोठा स्विंग लागतो, आणि मोठ्या स्विंगमध्ये चुकायला जागाही जास्त. बॉल हवेत कमीत कमी आणि जमिनीवर जास्तीत जास्त, हा ग्रीनजवळचा जुना शहाणपणा आहे. भारताचे एस. एस. पी. चौरासिया यांचा खेळ बघा. वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर, मुलगा तिथेच बघून-बघून शिकला. ड्राइव्ह लांब जाणाऱ्यांत त्यांचं नाव कधीच नव्हतं. तरी 2016 आणि 2017, लागोपाठ दोन वर्षं त्यांनी इंडियन ओपन जिंकली. चिप आणि पट (ग्रीनवर बॉल घरंगळवत होलकडे नेणारा स्ट्रोक) यांच्या जोरावर खेळतात म्हणून त्यांना 'चिपुट्सिया' हे टोपणनाव पडलं.

क्लब कसा निवडायचा यासाठी एक जुना हिशेब आहे, बाराचा नियम. बारातून क्लबचा नंबर वजा करा. जे उरेल तितके भाग बॉल पळतो, एक भाग हवेत जातो. 8 आयर्नला (आयर्न म्हणजे नंबर वाढेल तसा लॉफ्ट वाढणारे क्लब) हवेत एक आणि जमिनीवर चार. 9 ला एकास तीन. पिचिंग वेजला दहावा नंबर धरा, एकास दोन. सँड वेजला अकरावा, एकास एक. समजा बॉल ग्रीनच्या कडेपासून तीन पावलं बाहेर आहे आणि तिथून झेंडा एकूण अठरा पावलांवर. मला बॉल ग्रीनवर किमान एक पाऊल आत पाडायचा आहे, कारण कडेच्या गवतावरची उसळी सांगता येत नाही. म्हणजे हवेत चार पावलं तरी हवीत. 8 आयर्नने अठराचे पाच भाग केले तर हवेत साडेतीनच्या आसपास, कमी पडतात. 9 ने चार भाग, म्हणजे साडेचार पावलं. बसलं. मग 9 आयर्न घ्यायचा, वर सांगितलं तसंच उभं राहायचं, ग्रिप चांगली खाली धरायची आणि जवळजवळ पटसारखा स्ट्रोक मारायचा. नजर झेंड्यावर नको. बॉल जिथे पाडायचा तिथे, रुमालाएवढ्या जागेवर हवी.

हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा आहे. चढ असेल तर एक क्लब कमी लॉफ्टचा, उतार असेल तर एक जास्त लॉफ्टचा. पावसाळ्यात ग्रीन संथ असतात, बॉल हिशेबापेक्षा आधीच थांबतो. आणि तुमच्या आयर्नचा संच नव्या धर्तीचा, कमी लॉफ्टचा असेल तर तुमचे आकडे थोडे वेगळे येतील. एका संध्याकाळी सराव ग्रीनवर स्वतः मोजून घ्या.

कडेचं गवत आखूड, कोरडं आणि सपाट असेल तर सरळ पटर घ्या. त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या हँडिकॅपला वाईट पट हा वाईट चिपपेक्षा जवळजवळ नेहमीच झेंड्याच्या जवळ थांबतो.

मग 58 कधी? मध्ये बंकर असेल, किंवा बॉलपासून ग्रीनची कड लांब आणि झेंडा कडेला चिकटून असेल तेव्हा. तिथेही पिशवीत 54 किंवा 56 असेल तर मी आधी तो काढीन.

वीस ते चाळीस यार्डांचा पिच (चिपपेक्षा उंच आणि लांब शॉट) वेगळा, कारण इथे थोडं शरीर वळावं लागतं. यात माझ्या बघण्यातली नेहमीची चूक म्हणजे बॅकस्विंग खूप मोठा आणि मग खाली येताना भीतीने ब्रेक. ब्रेक लागला की छाती थांबते, हात पुढे निघून जातात, मनगट वळतं आणि खालचा बिंदू पुन्हा मागे. उपाय असा: मागे जितका, पुढे किमान तितका, आणि बॉल गेल्यावर बेंबी झेंड्याकडे. अंतर बदलायचं ते बॅकस्विंगच्या लांबीने. हात मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, असे तीन टप्पे ठरवा आणि सँड वेजने प्रत्येक टप्प्याला बॉल हवेत किती जातो ते पावलांनी मोजून वहीत लिहा. दुसऱ्याचे आकडे उपयोगाचे नाहीत.

मनगटांचं उत्तर यातच आहे. छोट्या पळत्या चिपमध्ये ती शांत. पिचमध्ये क्लबच्या वजनाने मागे थोडी मोडली तर मोडू द्या, मुद्दाम मोडू नका आणि मुद्दाम घट्टही धरू नका. ग्रिप आवळली की तळ घसरत नाही, आपटतो.

आपल्याकडच्या गवताबद्दल दोन शब्द. आपल्या बहुतेक कोर्सवर बर्मुडा असतं. म्हणजे आपल्या हरळीचंच कूळ, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकऱ्याला विचारा हरळी किती चिवट असते. तिची आडवी खोडं वेजची धार पकडतात. गवत कुठल्या दिशेला झुकलंय ते बघा: तुमच्याकडून बघताना चकाकत असेल तर ते तुमच्यापासून दूर झुकलेलं आहे, शॉट सोपा. काळपट दिसत असेल तर टोकं तुमच्याकडे आहेत, धार अडकणार. अशा वेळी कमी लॉफ्टच्या क्लबने, क्लबची टाच (दांडीकडची बाजू) किंचित उचलून, पटसारखा स्ट्रोक, किंवा पटरच.

ऋतूंचंही तेच. एप्रिल-मेमध्ये दख्खनची जमीन विटेसारखी होते. जास्त बाउन्सचा रुंद तळ तिच्यावर आपटून उसळतो आणि डफ न होता थेट टॉप होतो. जुलैमध्ये तीच जागा भिजून मऊ, तिथे कमी बाउन्सचा वेज रुततो आणि जास्त बाउन्सचा वाचवतो. तुमचे डफ पावसाळ्यात जास्त आणि टॉप उन्हाळ्यात जास्त होतात का, हे आठवून बघा. होत असतील तर त्यात क्लबचाही वाटा आहे. ओल्या गवतातून स्पिनही कमी मिळतो, ग्रूव्हमध्ये (क्लबच्या तोंडावरच्या खाचांत) चिखल असेल तर अजून कमी. टॉवेल पिशवीलाच लटकत ठेवू नका, हातात घेऊन जा. आणि बॉल स्वस्तातला, कडक आवरणाचा असेल तर युरेथेन आवरणाच्या बॉलसारखा तो थांबेल ही अपेक्षा ठेवू नका. बॉल थांबत नाही म्हणून स्विंग बदलणारे लोक मी पाहिलेत.

एका गोष्टीची शक्यता वेगळी ठेवतो. बॉल न ठेवता स्विंग अगदी सुरेख, आणि बॉल ठेवला की शेवटच्या क्षणी उजवा हात आपोआप झटका देतो, असं होत असेल तर ते यिप्स असू शकतात. 2015 च्या सुरुवातीला टायगर वूड्ससारख्या माणसाची चिपिंग अशी बिघडली होती की फिनिक्समध्ये एका फेरीत तब्बल 82 स्ट्रोक झाले. त्यावर वर सांगितलेले उपाय फारसे चालत नाहीत. पकड बदलून, डावा हात खाली घेऊन किंवा सगळे चिप पटसारखे मारून बघावं लागतं, आणि वेळ द्यावा लागतो. तुमच्या वर्णनावरून मला हे वाटत नाही.

सरावाबद्दल इतकंच की एकाच जागेवरून पन्नास बॉल मारू नका. एक बॉल घ्या, ग्रीनभोवती नऊ वेगवेगळ्या जागा निवडा, प्रत्येक जागेवरून चिप करा आणि पट करून होल पूर्ण करा. नऊपैकी किती वेळा दोन स्ट्रोकमध्ये संपलं ते लिहा. दोन-तीन आले तर सुरुवातीला समाधान माना. पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा ग्रीन चुकल्यावर दहातून साधारण सहा वेळाच पार (होलसाठी ठरलेले स्ट्रोक) वाचवतात. तुमचं पहिलं ध्येय डफ आणि टॉप शून्यावर आणणं. बॉल ग्रीनवर कुठेही थांबला तरी चालेल.

60 डिग्रीचा वेज सध्या घेऊ नका. आजची अडचण त्याने वाढेल. पैसे खर्च करायचेच असतील तर 54-56 चा, दहा ते बारा डिग्री बाउन्सचा, रुंद तळाचा एक सँड वेज घ्या. लोक चिपर नावाचा, खास चिपसाठीचा क्लब हिणवतात, पण तुम्हाला तो आवडला तर खुशाल वापरा. फक्त दोन्ही बाजूंनी मारता येणारा घेऊ नका, तो नियमात बसत नाही. आणि घेतलात तर चौदा क्लबांत मोजायला विसरू नका.

वाळूच्या रेघेचा प्रयोग झाला की दोन व्हिडिओ काढा, स्लो मोशनमध्ये. एक समोरून, फोन गुडघ्याच्या उंचीवर आणि बॉलच्या बरोबर समोर. दुसरा टार्गेटच्या रेषेत मागून. मॅटवरचा नको, गवतावरचा, आणि चांगल्या शॉटबरोबर एक डफही असू द्या.